पायाळूचं नशीब

आमचं पहिलं भांडण झालं ते नशिबावरून. खऱ्या नव्हे, खेळातल्या. भर दुपारी दूध संस्थेच्या खोलीत आम्ही तिघं फरशीवर बसलो होतो आणि माझी मैत्रीण माझ्या आतेभावावर ओरडत होती, "हे कसलं नशीब बे? ही तर सवलत हाय. एसटीत म्हाताऱ्याला देतेत तशी." 'बे' पुरुषांनी पुरुषांना म्हणायचं असतं, पण तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

खेळ आतेभावानं आणलेला. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता आणि सुट्टीत मामाकडं, म्हणजे आमच्याकडं, आला होता. सोबत नियमांच्या झेरॉक्सची एक चळत आणि वीस तोंडांचा एक फासा. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. भिंत चढायची असेल, कुलूप उघडायचं असेल, की फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर पडलो. मूळ गोष्टीत उडते राक्षस आणि बर्फाचे डोंगर होते. मैत्रीण म्हणाली, बर्फ आम्ही लग्नातल्या सरबतात बघितलाय तेवढाच. म्हणून आतेभावानं गोष्ट धारूरच्या किल्ल्यात आणली. किल्ल्याखाली भुयार, भुयारात टाकं, आणि टाक्यात कधी न आटणारं पाणी. आम्हाला ते शोधायचं होतं. त्या वर्षी दुसरं काही शोधायचं सुचलंच नसतं.

पाऊस सलग तिसऱ्या वर्षी गेला होता. कॉलेजच्या वसतिगृहाला पाणी नाही म्हणून आम्हा मुलींना घरी पाठवलं होतं. संस्थेत पूर्वी दोन्ही वेळा कॅनची रांग लागायची. आता सकाळी अर्ध्या तासात संकलन उरकायचं आणि खोली दिवसभर रिकामी. संस्थेचे चेअरमन माझे थोरले काका, त्यामुळे किल्ली माझ्याकडं. खोलीत आंबट दुधाचा वास होता, पण पंखा होता.

माणसं ठरवताना मैत्रीण चोर झाली आणि मी वाटाड्या. प्रत्येकाला एक खास गुण घ्यायचा होता. मला काही विचारण्याआधीच आतेभावानं माझ्या कागदावर लिहून टाकलं: नशीब. "तू पायाळू ना, मग झालं तर!" नियम असा की डावात तीनदा, फासा वाईट पडला की मला तो परत टाकता येईल. यावरूनच ते भांडण.

मी जन्मले ती पायाकडून. आमच्याकडं अशा माणसाला पायाळू म्हणतात आणि त्याच्याबद्दल बरंच काही मानतात. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं. कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळूनं पाठीला पाय लावायचा, की ती उतरते. फक्त पाय लागलेला असताना दोघांनीही बोलायचं नाही, नाहीतर गुण येत नाही. मी चार-पाच वर्षांची असल्यापासून गावातली मोठमोठी माणसं आमच्या ओसरीवर पालथी पडत आलेली आहेत. लोकांना यात माझं भाग्य दिसायचं. मला नुसती भीती दिसायची. कारण पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात, म्हणून ढग आले की आई मला आतल्या खोलीत, दारापासून लांब, पोत्यांच्या आड बसवायची. आणि गुप्तधन काढणारे लोक पायाळू पोरं शोधत फिरतात, म्हणून बसस्टँडवर, बाजारात, पाहुण्यारावळ्यांत, कुठंच हे बोलायचं नाही अशी तिची ताकीद होती. माझ्यात काहीतरी आहे, ते सगळ्यांना हवंय, आणि त्यापायी माझा जीव जाऊ शकतो, एवढं मला शाळेत जायच्या आधीपासून पक्कं ठाऊक होतं. माझ्यात काहीच नाही हे मात्र फक्त मलाच ठाऊक होतं.

अकरा वर्षांची असताना वडिलांनी मला आमच्या शेतात नारळ घेऊन चालवलं होतं. नारळ तळहातावर आडवा ठेवायचा आणि अनवाणी चालायचं; पाण्याच्या जागी तो उभा राहतो म्हणतात. चालता चालता माझ्या टाचेत बाभळीचा काटा घुसला. मी कळवळले, हात हलला, नारळ उभा झाला. बघायला जमलेली माणसं ओरडली. मी काट्याचं बोलणार तोवर वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं. त्या जागी बोअर घेतलं आणि भरपूर पाणी लागलं. त्यानंतर काट्याचं सांगायला तोंडच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत बसून मी तो काटा कंपासच्या टोकानं काढला आणि खिडकीतून फेकून दिला.

खेळात आम्ही नशिबाचा नियम बदलून बघितला. आकडा बघून परत टाकायचं नाही. आधी सांगायचं, मग टाकायचा. झालं, मी नशीब वापरायचंच सोडून दिलं. प्रत्येक वेळी वाटे, पुढं याहून अवघड काही आलं तर? डाव संपायचा आणि माझी तिन्ही नशिबं कागदावर तशीच. मैत्रीण हसून हसून बेजार. "मेल्यावर काय, सोबत नेतीस का?"

एका दुपारी तीच म्हणाली, "खरा नियम मी सांगते. हिनं नशीब वापरलं की हिचा फासा मोठा धरायचा, आणि माझा पुढचा फासा लहान. पाणी कुठून तरी येतंच ना."

आतेभावाला ते पटलं नाही. "तुझा काय संबंध? नशीब तिचं आहे."

"तुमच्या बोअरला पाणी लागलं तवा आमची विहीर दोन परस खाली गेलती. माझा काय संबंध होता?"

ती हे भांडण म्हणून बोलली नाही. नियम समजावून सांगावा तशी बोलली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसली. त्यांचा मळा आमच्या शेताच्या खालच्या अंगाला. तिचे वडील, त्यांना मी चाचा म्हणते, धारूरच्या बाजारात गाडा लावून फळं विकायचे, आणि मळ्यात त्यांची मोसंबीची झाडं होती. दोन परस म्हणजे दोन पुरुष एकावर एक उभे राहतील एवढं पाणी. इतकी वर्षं मी ते घर माझंच समजून तिथं जेवत होते, आणि त्यांच्यातलं कुणी हे एका शब्दानं बोललेलं नव्हतं.

आम्ही तिचा नियम घेतला. त्याच डावात भुयारातला दगडी पूल कोसळायला लागला आणि मी पहिल्यांदा नशीब वापरलं. मी पलीकडं पोचले. तिचा फासा लहान धरला गेला आणि तिचा चोर खाली अंधारात गेला. "गेले की गं!" म्हणून ती टाळ्या वाजवत हसली. खेळच तो. पण मला तिच्याबरोबर हसता आलं नाही.

त्याच आठवड्यात काका खोलीत आले. आम्ही घाईनं फासा झाकला, तर ते म्हणाले, खेळा खेळा, मी निरोप द्यायला आलोय. संस्थेच्या बैठकीत ठरलं होतं की जनावरांसाठी बोअर घ्यायचं. टँकर येई तो माणसांपुरता. गुरं हंड्यातल्या उरल्यासुरल्या पाण्यावर होती आणि दर बाजारी जनावरं विकली जाऊन दोन-चार दावी रिकामी होत होती. गाय-म्हैसच राहिली नाही तर संस्था कशाची? जागा संस्थेची एकच होती, रस्त्यापासून खाली उतरत जाणारी चिंचोळी पट्टी. तिचं खालचं टोक चाचांच्या बांधाला भिडलेलं, आणि बांधापलीकडं दहा-पंधरा पावलांवर चाचांची विहीर. आमचं बोअरसुद्धा आटलं होतं; शिवारात तेवढीच एक विहीर तळाला का होईना पाणी धरून होती.

"सोमवारी नारळ घेऊन चालायचं हाय तुला," काका मला म्हणाले. "खालच्या अंगाला जरा हळू चाल. झाडी हिरवी हाय तिकडं, पाणी तिथंच असणार."

"आणि चाचांची विहीर?"

काका वाईट माणूस नव्हते. त्यांच्या स्वतःच्या दोन म्हशी होत्या आणि दोन्हींच्या बरगड्या मोजता येत होत्या. मग म्हणाले, "मी कुठं जागा सांगितली? जागा तू सांगणार हायस. तुझ्या पायात जे हाय ते हाय." मैत्रिणीकडं न बघता ते निघून गेले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. काका, माझ्या पायात काही नाही, तेव्हा काटा होता. एवढंच वाक्य. पण मग ओसरीवर पालथी पडलेली ती सगळी माणसं, वडिलांचा तो खांदा, गेली आठ-नऊ वर्षं, सगळंच खोटं पडलं असतं. मी घाबरट होते आणि आहे. आतेभाऊ आणि मैत्रीण मात्र माझ्याकडं बघत होते, आणि त्या दोघांना मी पहिल्यांदा काट्याची गोष्ट सांगितली.

मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "म्हंजे नारळ तूच उभा करतीस. लई बेस. मग वर उभा कर की, रस्त्याच्या कडंला, बोरीपाशी. आमच्यापासून लांब."

आतेभाऊ दुकानातून नारळ घेऊन आला. दूध मोजायच्या त्या खोलीत तीन दुपारी मी नारळ घेऊन येरझारा घातल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट किंचित खाली सोडायचं, अंगठ्याचं मूळ वर उचलायचं, की नारळ डुलतो आणि उभा होतो. आतेभाऊ समोरून बघायचा, मैत्रीण बाजूनं. शेवटी शेवटी मला दहातून दहादा जमायला लागलं आणि समोरच्याला काही दिसत नव्हतं. "फक्त बाजूनं बघितलं तर बोटं कळतेत," मैत्रीण म्हणाली. "बाजूला मीच उभी राहीन. दुसऱ्या कुणाला येऊ देत न्हाई." आम्ही तिघंही खुशीत होतो. बोअरला वरच पाणी लागेल, गुरं जगतील, विहीर राहील. सोमवार उजाडेपर्यंत मला जवळजवळ धीर आला होता.

सोमवारी सगळा गाव पट्टीवर. बाया, माणसं, काहींनी गुरं पण आणलेली. कुणीतरी माझ्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं. ज्या गावात प्यायला पाणी नव्हतं त्या गावानं माझे पाय धुतले. मी नारळ तळहातावर घेतला आणि चालायला लागले. इतकी माणसं असून आवाज नव्हता. एखाद्या म्हशीची साखळी वाजायची तेवढीच.

बोरीचं झाड आलं. इथंच थांबायचं होतं. मैत्रीण ठरल्याप्रमाणं माझ्या डाव्या बाजूला, बरोबरीनं चालत होती. माझी करंगळी खाली सोडायची वेळ झाली, आणि माझी नजर पायाखालच्या जमिनीवर गेली. पांढरा मुरूम, भेगासुद्धा नाहीत, नुसता भुगा. मनात आलं, इथं बोअर कोरडं गेलं तर? सगळ्या गावाच्या देखत फुफाटा उडेल. काका माझ्याकडं बघतील. वडील बघतील. मग कुणीतरी विचारेल, हिच्या पायात खरंच काही होतं का? बरं, गुरं तर जातीलच. अजून दोन पावलं, मी स्वतःला म्हटलं. दोन पावलांनी परत दोन. मैत्रिणीनं खाकरून खूण केली. मी चालत राहिले. माणसं मागं मागं येत होती. पट्टी संपत आली, बांधापलीकडची मोसंबी दिसायला लागली, पायाखालची माती काळी झाली.

तिथं मी बोटं सोडली.

नारळ उभा राहिला. माणसं एकदम ओरडली, कुणीतरी हळद उधळली. हात कापला असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. कापला नव्हता. दहातून दहादा जमणारी गोष्ट मी अकराव्यांदा नीट केली होती. मी मान वळवली तेव्हा मैत्रीण माझ्या तोंडाकडं नाही, बोटांकडं बघत होती.

दोन दिवसांनी बोअरची गाडी आली आणि दुपार व्हायच्या आत पाणी उसळून वर आलं. लोक त्याखाली नाचले. चाचाही आले, तेही संस्थेचे सभासद, त्यांच्याकडं एक गाय होती. त्यांनी सगळ्यांना साखर वाटली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. वर बोरीपाशी पाणी लागलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. गावाची गुरं वाचली हे खरं आहे. संस्था टिकली, हेही खरं. महिन्याभरात चाचांच्या विहिरीचा तळ उघडा पडला आणि त्यात एक जुनी बादली सापडली, हेही तितकंच खरं.

खेळ बंद पडला. आतेभाऊ पुण्याला गेला. मैत्रीण खोलीकडं फिरकली नाही. वाटेत भेटली तर नीट बोलायची, कॉलेज कधी सुरू होतंय, अमकीचं लग्न ठरलं, वगैरे. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला ती एरवी कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिचं ते नीट बोलणं ऐकलं की मला धडकी भरायची.

आता मी शिकवते, आणि माझे विद्यार्थी कधीकधी हाच खेळ खेळतात. नशिबाचा गुण कसा ठेवावा यावर तासन् तास वाद घालतात. तीनदा ठेवावं की पाचदा, आधी सांगावं की नंतर. मी त्यांना एकच नियम सांगते. नशीब वापरण्याआधी ज्याचा फासा लहान होणार आहे त्याच्याकडं बघायचं, आणि त्याला विचारायचं. तो नाही म्हणाला तर आपला जो आकडा पडेल तो घ्यायचा आणि पडायचं. मुलं म्हणतात, मॅडम, मग खेळात मजा काय राहिली? मी त्यांच्यावर उगाच खेकसते.

त्याच वर्षी, उन्हाळा संपता संपता, एका सकाळी चाचा आमच्या ओसरीवर आले. मैत्रिणीनं त्यांना गाडीवर मागं बसवून आणलं होतं. संस्थेच्या बोअरवरून सायकलला कॅन बांधून ते झाडांना पाणी घालत होते, रोज, सकाळ-संध्याकाळ, आणि त्यांच्या पाठीत उसण भरली होती. सरळ उभंही राहता येत नव्हतं. आईनं पटकन सतरंजी टाकली. चाचा हळूहळू पालथे झाले, तोंड एका कुशीला वळवलं आणि म्हणाले, "लाव बेटा पाय. दवाखान्याचं इंजेक्शन घेऊन बघितलं, न्हाई उतरत. तुझ्या पायानं उतरंल."

मैत्रीण आत आली नाही, दारातच चौकटीला टेकून उभी राहिली. मी भिंतीला धरून त्यांच्या कमरेवर पाय ठेवला. सदऱ्याखाली हाडं लागत होती. एवढ्या वर्षांत मी कितीतरी पाठींवर पाय दिला होता, पण त्या दिवशी माझा पाय थरथरत होता आणि ते त्यांना कळत होतं.

"भिऊ नको," ते म्हणाले. "जोरात दे."

"चाचा," मी म्हटलं, "तो नारळ..."

"शू. बोलायचं न्हाई पाय लावताना. गुण येत न्हाई."

मी दाराकडं बघितलं. मैत्रीण हळूच म्हणाली, "बोल की. कावून थांबलीस?"

मी बोलले नाही. पाठीवर पाय ठेवून मी तशीच उभी राहिले. त्यांना बरं वाटू दे, नंतर सांगते, असं मनात म्हटलं. अजून दोन पावलं, तसंच. थोड्या वेळानं चाचा उठून बसले, पाठ इकडून तिकडं हलवून बघितली आणि हसले. "उतरली बघ." मग त्यांनी पिशवीत हात घातला. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणाले, आणि शेंडीवाला एक नारळ माझ्या उजव्या हातात दिला.

तो तळहातावर आडवा पडला. मी बोटं घट्ट मिटायचा प्रयत्न करत होते, आणि दारातून मैत्रीण माझ्या करंगळीकडं बघत होती.